माझा अनुभव : जुनं चार खणांचं कपाट, पांढरा रंग आणि खालून वर आलेले डाग

जुनं फर्निचर घेऊन घरीच नवं करायचे व्हिडिओ मी इतके बघितले होते की मला वाटायला लागलं होतं आपल्याला येतंच हे. त्यात काय, घासायचं, रंगवायचं, नवी हँडल लावायची, झालं. सगळं मिळून बारा मिनिटांचा व्हिडिओ. माझ्या कपाटाला सात आठवडे लागले आणि त्यातले निदान तीन तरी मीच केलेलं मीच निस्तरण्यात गेले.

कपाट सेकंडहँड, कमरेएवढ्या उंचीचं, चार खण, वरून काळपट तपकिरी पॉलिश, ते पण जागोजागी उडालेलं. घेताना मात्र मी शहाण्यासारखं वागले हे आधी सांगते कारण पुढे तसं सांगण्यासारखं फार काही नाहीये. सगळे खण बाहेर काढून टॉर्च मारून आतले कोपरे बघितले, ढेकणांचे काळे ठिपके कुठे आहेत का ते. उलटं करून पाय आणि मागची पाटी बघितली. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि त्याखाली मैद्यासारखी पूड दिसली तर लाकडात कीड अजून जिवंत आहे असं समजायचं आणि सरळ निघून यायचं, कारण ते एक कपाट घरातल्या बाकीच्या लाकडालाही कामाला लावतं. तसं काही नव्हतं. हलवून बघितलं, सांधे घट्ट. खणांच्या दर्शनी पाट्या भरीव सागवानी आणि बाकीचा सांगाडा प्लायवर सागाचं व्हीनियर, म्हणजे वरून चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा. हे मला कडेला खालून बघितल्यावर कळलं, वरून अख्खं सागवानीच वाटत होतं.

प्लॅन असा होता की खालचं सगळं पांढरं आणि वरची फळी तेवढी लाकडी ठेवायची, दोन रंगांत. डोळ्यासमोर फोटोच होता.

आधी धुतलं, म्हणजे भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात फडकं घट्ट पिळून पुसलं, तीन वेळा. पाणी चहासारखं निघालं. ही पायरी बोअर आहे पण गाळू नका, वर्षानुवर्षं हाताचं तेल, मेणाचं पॉलिश, काय काय बसलेलं असतं आणि न पुसताच घासायला घेतलं की ते सगळं लाकडात आणखी आत जातं, मग रंग तिथेच धरत नाही, बारीक बारीक खळगे पडतात.

मग घासणं. ८० नंबरचा पॉलिश पेपर घेतला (नंबर जितका लहान तितका पेपर खरखरीत) आणि सुटले. दहा मिनिटांत पेपरावर तपकिरी गोळे धरायला लागले, डिंकासारखे चिकट. पेपर बदलला, परत तेच. बाबा बघत होते, त्यांनी कापसाला स्पिरिट लावून मागच्या कोपऱ्यात नुसतं घासलं आणि कापूस दाखवला, पॉलिश विरघळून त्यावर आलं होतं. "अगं हे लाखेचं पॉलिश आहे, घासलं की गरम होतं आणि चिकटतं." स्पिरिटने विरघळलं तर लाख, स्पिरिटने नाही पण थिनरने मऊ पडलं तर लॅकर, दोन्हीला दाद दिली नाही तर बहुतेक वॉर्निश किंवा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा थर. दोन मिनिटांची टेस्ट आहे आणि ती मी दोन पेपर वाया घालवल्यानंतर केली. मग स्पिरिटने पुसून आणि घासून सगळंच्या सगळं पॉलिश मी काढून टाकलं, अगदी कोरं लाकूड दिसेपर्यंत, आणि मला त्याचा फार अभिमान वाटत होता. हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

वरच्या फळीला उरलासुरला एक काळा डाग होता, कुणीतरी ओली कुंडी ठेवली असणार. तो जाईना म्हणून मी तेवढ्याच जागी जोर लावून घासत बसले, तेही ८० नेच. डाग फिकट झाला, अजून फिकट झाला, आणि मग एकदम तिथलं लाकूड वेगळंच दिसायला लागलं, रेषा आडव्या आणि रंग मातकट. व्हीनियर संपून खालची प्लाय वर आली होती! व्हीनियर असतं किती, बऱ्याचदा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, त्याला ८० नंबर लावायचाच नसतो, १८० किंवा २२० ने हलक्या हाताने रेषांच्या दिशेने फिरवायचं आणि डागाशी भांडायचं नाही. आता ती फळी लाकडी ठेवणं शक्यच नव्हतं. फोटोतला प्लॅन तिथेच संपला, अख्खं कपाट पांढरं करायचं ठरलं. आई म्हणाली, "बरं झालं, नाहीतरी दोन रंग पुसायला वैताग असतो." आईचं सांत्वन असंच असतं.

खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, वाळल्यावर ती किंचित बसते म्हणून दोनदा भरावी लागली, मग २२० ने सपाट, पुसून कोरडं, आणि पाण्यातला पांढरा प्रायमर, म्हणजे रंगाआधी द्यायचा थर. संध्याकाळी इतकं सुंदर दिसत होतं की मी सगळ्यांना फोटो पाठवले.

सकाळी उठून बघते तर खणांच्या पाट्यांवर पिवळट तपकिरी ढग. जणू कुणी मागून चहा ओतलाय. मला वाटलं प्रायमर पातळ लागला, दुसरा हात मारला. दुपारपर्यंत ढग परत वर, मग रागाने थेट पांढऱ्या रंगाचाच एक हात. त्याच्यातूनही आलेच. हे चालू असताना घरात कुणी माझ्याशी बोलत नव्हतं.

तर प्रकार असा आहे की साग, महोगनी, ओक असल्या लाकडांत स्वतःची रंगद्रव्यं आणि टॅनिन (चहात असतं तसलं तुरट द्रव्य) असतात, पाण्यातला प्रायमर लावला की ती त्या पाण्यात विरघळतात आणि वाळता वाळता पाण्याबरोबर वर येऊन बसतात. कितीही हात मारा, प्रत्येक ओला हात त्यांना आणखी वर ओढतो. त्याला अडवायला मध्ये असा थर लागतो की जो पाण्यात विरघळत नाही, आणि त्यासाठी सगळ्यात खात्रीची गोष्ट कोणती, तर लाख. लाखेचा प्रायमर.

म्हणजे जी लाख मी दोन दिवस मान मोडून खरवडून काढली होती, तीच आता डब्यातून विकत आणून परत लावायची. जुनं पॉलिश जिथे घट्ट बसलेलं होतं तिथे नुसता २२० फिरवून चकाकी घालवली असती आणि वर प्रायमर दिला असता तरी बरंचसं भागलं असतं, लाकूड आपोआप बंद राहिलं असतं. बाबांना मी विचारलं की तुम्ही तेव्हा का नाही बोललात, तर म्हणाले तू विचारलंस कुठे.

लाखेचा प्रायमर भराभर वाळतो, पाऊण तासात हात लावता येतो, पण वास उग्र असतो, खिडक्या सताड उघड्या ठेवा आणि गॅस किंवा काही पेटतं जवळ नको कारण तो स्पिरिटमधला असतो. एक हात दिला, रात्रभर थांबले, सकाळी उठून दात घासायच्या आधी जाऊन बघितलं. पांढरं. एका गाठीच्या जागी जरा पिवळं होतं तिथे परत थोडा लावला, बस.

रंगाचे मग दोन पातळ हात, फोमच्या छोट्या रोलरने, मध्ये ३२० ने अगदी हलकं. ब्रशने ओघळ येतात, निदान माझ्या हाताने तरी येतात.

आता हँडल. नवी पितळी रंगाची हँडल हौसेने आधीच आणून ठेवली होती, स्क्रूपासून स्क्रूपर्यंत ९६ मिलिमीटर. जुनी भोकं होती ३ इंचांवर, म्हणजे ७६. हे रंग झाल्यावर कळलं. आठ भोकं परत बुजवायची, घासायची, तेवढ्यावर रंग लावायचा आणि नव्याने आठ पाडायची. हँडल घ्यायला जाल तेव्हा आधी भोकांचं माप घेऊन जा, एवढंच सांगते, जास्त बोलत नाही.

शेवटी खण आत घालायला गेले तर एक जाईना, दुसरा गेला तो अर्ध्यात अडकला, तिसरा आत जाऊन खुळखुळायला लागला. मला वाटलं रंगाने जाड झालेत, पेपर घेऊन कडा घासायला बसणार तेवढ्यात एक खण उलटा धरला आणि मागच्या पाटीवर पेन्सिलीने लिहिलेला आकडा दिसला, ३. दुसऱ्यावर १. हाताने केलेल्या जुन्या कपाटात प्रत्येक खण आपापल्या जागेपुरताच बेतलेला असतो, सुताराने नंबर घालून ठेवले होते, मी मागची बाजू रंगवली नाही हे केवळ आळसामुळे. नंबराप्रमाणे घातले, तिन्ही गेले. चौथ्याच्या खालच्या पट्टीवर मेणबत्ती घासली, तोही गेला.

आणि इतकं सगळं होऊन त्याच संध्याकाळी मी वरती पुस्तकांची चळत ठेवली. रंग हाताला कोरडा लागला म्हणजे आतून कडक झाला असं नसतं, त्याला दोन ते चार आठवडे लागतात. पाच दिवसांनी पुस्तकं उचलली तर खालच्या पुस्तकाच्या कव्हरबरोबर नखाएवढा रंग निघून आला आणि त्याच्या खाली लाखेचा थर स्वच्छ पांढरा, एक डाग नाही. तेवढ्याला परत हात लावला आणि महिनाभर वर काही ठेवू दिलं नाही कुणाला.

सध्या एक खुर्ची आणलीय, डुगडुगणारी. सांध्यातला जुना ग्लू पटाशीने खरवडून काढलाय, त्याच्यावर नवा धरत नाही म्हणून, फेविकॉल भरून पायांना दोरी गुंडाळलीय आणि दोरीत लाटणं घालून पीळ दिलाय. क्लॅम्प नव्हता. चोवीस तास हलवायचं नाही. आई मघाशी लाटणं शोधत होती.