आत्मिक जीवन आणि सालदाराचा हिशेब

बायबलच्या नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्यातले पाच दिवस रोज एक वाचला तर वर्षात तो बरोबर संपतो आणि राहिलेलं भरून काढायला शनिवार-रविवार हाताशी असतात. आत्मिक जीवनाची सुरुवात कुठून करावी असं कुणी विचारलं की हा हिशेब आधी सांगावा लागतो. कारण उत्साहाच्या भरात लोक जानेवारीत बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, धरतात आणि तिसऱ्या, लेवीयातल्या यज्ञविधींपाशी गाडी रुतते. नवख्याने नव्या करारातलं मार्कचं शुभवर्तमान घ्यावं. १६च अध्याय आहेत, आणि येशू काय करतो ते भराभर पुढे येतं.

वाचनाने मात्र कुणी देवाचा होत नाही. इफिसकरांना लिहिलेल्या पत्रातला (इफिस २:८-१०) क्रम पाहा: आधी कृपा, विश्वासाने तारण, आणि मग सत्कृत्यं. हा क्रम उलटला की सगळं बिघडतं. पुण्य गाठीला बांधायची सवय आपल्या हाडात मुरलेली. मग तीन दिवस उपास केला, आता पोराला नोकरी लागलीच पाहिजे, असा सौदा सुरू होतो. नोकरी लागली नाही की माणूस उपासनेला यायचा बंद. मत्तय ६ मध्ये येशू उपास करणाऱ्याला डोक्याला तेल लावून तोंड धुवायला सांगतो, म्हणजे गावभर कळू नये. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील त्यांनी जेवण सोडू नये. दिवसभर मोबाइल सोडावा, तोही कमी जड जात नाही!

रोजच्या प्रार्थनेला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. वाचलेल्यातलं एकच वचन धरा, त्यावर थोडा वेळ गप्प बसा, मग कबुली, आभार आणि शेवटी मागणं. घसरतं ते कबुलीत. ‘माझ्या पापांची क्षमा कर’ असं सरसकट म्हणून मोकळं होता येतं. ‘काल जावेला चारचौघांत तोडून बोलले’ हे तोंडातून निघत नाही. इथे पुस्तकी मराठी आडोसा बनते. घरात अहिराणी बोलत असाल तर ‘देवा, मन्हं चुकनं’ एवढंच म्हणा. नवापूरकडच्यांनी आपल्या मावची बोलीत बोलावं.

कापूस वेचणीच्या दिवसांत बाया उजाडताच शेतात जातात. त्यांना पहाटेच्या मननाचा आग्रह धरणं म्हणजे नुसता अपराधीपणा वाढवणं. त्यांनी एक वचन पाठ करून ओळीत घोळवावं, आणि रात्री जेवणं झाल्यावर घरच्यांनी मिळून प्रार्थना करावी. नंदुरबारकडची कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, तेव्हा खरा खंड पडतो. तिथल्या मुक्कामावर, पडावावर, दोन-तीन घरांनी एकत्र बसावं. दोघे-तिघे माझ्या नावाने जमतात तिथे मी असतो, हे मत्तय १८:२० त्यासाठी पुरेसं आहे. वाचता येत नसेल तर मोबाइलवर मराठी बायबल ऐकता येतं.

हे सगळं करून पवित्र आत्मा आपल्यात काम करतो आहे की नाही, हे कसं ओळखायचं? डोळ्यांत पाणी आलं, अंगावर काटा आला, ही खूण धरू नका. चांगल्या पेटी-ढोलकीनेही काटा येतो. गलती ५:२२-२३ मध्ये आत्म्याचं फळ सांगितलंय: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. यातली बहुतेक गोष्ट दुसऱ्या माणसाशिवाय दिसतच नाही. बांधाच्या हातभर जमिनीवरून दोन भाऊ बोलत नसतील आणि दोघेही एकाच रविवारी प्रभुभोजन घेत असतील, तर पाळकाने गप्प बसू नये. मत्तय ५:२३-२४ स्पष्ट आहे: अर्पण वेदीपुढेच ठेव, आधी भावाशी समेट कर.

मजुरीचंही तसंच. आपल्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, साल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बदलतं आणि उचल (आधी घेतलेले पैसे), खाडे (गैरहजेरीचे दिवस), राहिलेली रक्कम यांचा हिशेब तेव्हाच होतो. याकोब ५:४ म्हणतो, कापणी करणाऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती आरोळी देवाच्या कानी गेली आहे. दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, चर्चला चोख देणारा मालक आजारपणाचे दिवसही खाड्यात धरतो, तेव्हा त्याचं दानाचं पाकीट पाहून मंडळीने खूश होऊ नये. आखाजीच्या आधी वही काढावी, सालदाराला समोर बसवून एकेक खाडा वाचून दाखवावा, त्याला वाचता येत नसेल तर त्याच्या पोराला वाचू द्यावं, आणि निघेल ती रक्कम त्याच दिवशी हातावर ठेवावी.