माझ्या बालपणाची साक्षीदार

माझी बालमैत्रीण आणि भिंतीला भिंत लागून राहिलेली शेजारीण गेल्या महिन्यात वारली. परदेशात राहणाऱ्याच्या कानावर अशी बातमी येते तेव्हा निघण्याची वेळ बहुधा टळून गेलेली असते. माझेही तसेच झाले; मला कळले तोवर तिचे अंत्यविधी उरकले होते.

आमची घरे दोन असली तरी आम्हा दोघींचे बालपण एकच होते. ती संध्याकाळी धडा मोठ्याने वाचत असे आणि भिंतीपलीकडे बसून मी तो ऐकत असे, त्यामुळे माझे निम्मे पाठांतर तिच्याच आवाजात झालेले आहे. भांडणेही पुष्कळ झाली, परंतु शेजारच्या मैत्रिणीशी फार काळ अबोला धरता येत नाही, कारण दाराबाहेर पाऊल टाकताच ती समोर उभी असते. शाळेत मैत्रीण निवडता येते, शेजारी ती निवड नसते, आणि मला वाटते, म्हणूनच ती मैत्री इतकी खोल रुजते.

मी देश सोडल्यानंतर तर तिचा आधार अधिकच मोठा झाला. आमच्या घराची दुसरी किल्ली तिच्याकडे असे. परदेशातल्या मुलांना आईवडील आपली दुखणी सांगत नाहीत. 'सगळे ठीक आहे' असे ते म्हणत, तेव्हा खरी स्थिती काय आहे ते मला तिच्याकडून समजे. वडील पडले तेव्हा त्यांना दवाखान्यात तिने नेले, डॉक्टरांचे म्हणणे माझ्यासाठी कागदावर उतरवून घेतले आणि मला फोन केला तो उपचार सुरू झाल्यावर, कारण इतक्या दुरून मी केवळ घाबरून जाईन हे ती ओळखून होती. आपल्यापैकी कितीतरी जण अशा कुणा शेजाऱ्याच्या भरवशावर दूर देशी निर्धास्त राहतात, आणि त्या माणसाच्या कष्टांची नोंद मात्र कुठेही होत नाही.

येथे रजेचा अर्ज भरताना 'मृत व्यक्तीशी नाते' असा रकाना समोर आला. शोकरजेचे नियम सहसा आईवडील, जोडीदार, मुले आणि भावंडे यांच्यापाशी थांबतात. मैत्रिणीला त्यांत क्वचितच जागा असते. समाज ज्याला दुःख म्हणून मान्यताच देत नाही, अशा दुःखाकडे अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८० च्या दशकातच लक्ष वेधले होते. ऑस्ट्रेलियातील २६,००० हून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जवळचा मित्र किंवा मैत्रीण गमावल्याचे परिणाम शरीरावर व मनावर चार वर्षांपर्यंत राहू शकतात, असे त्यात आढळले. हे वाचून माझे दुःख हलके झाले नाही, परंतु त्या रकान्यात 'बालमैत्रीण' असे स्पष्ट लिहिण्याचे बळ मला त्यातून मिळाले.

सर्वांत अधिक छळते ती गोष्ट वेगळीच आहे. लहानपणीच्या घटना आम्ही जणू वाटून लक्षात ठेवल्या होत्या. प्रसंगाची सुरुवात मला आठवे, शेवट ती सांगे, आणि माझे काही चुकले तर "असे नव्हते गं" म्हणून लगेच दुरुस्त करी. आता माझ्या आठवणी खऱ्या की माझ्या मनाने रचलेल्या, हे सांगू शकणारे कुणीही उरलेले नाही.

म्हणून तिच्या मुलीला मी पत्रे लिहू लागले आहे. तिने आपल्या आईला फक्त मोठी झालेली पाहिली. दहा वर्षांची ती कशी होती, हे सांगण्याचे काम आता माझ्याकडे आले आहे. आई कधी कशाला भीत होती का, असे तिने मागच्या पत्रात विचारले. अंधाराला ती फार भीत असे, आणि हे कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून अंधाऱ्या जिन्यात ती नेहमी सर्वांच्या पुढे चालत असे, असे मी तिला कळवले आहे.