गॉगल_०४: आधी काच, मग फ्रेम

सेमिस्टरच्या प्रोजेक्टला गॉगल घेतला तेव्हा हिशोब सरळ होता. वीतभर वस्तू, दोन भोकं, दोन काड्या, झालं. खुर्ची घेणाऱ्यांना खुर्ची घेऊ दे. आज खुर्चीवाले रेंडर (मॉडेलचं फोटोसारखं चित्र) करून मोकळे झालेत आणि मी ‘गॉगल_०४’ नावाच्या फाईलमध्ये अजून नाकाशी भांडतेय. द्यायचंय काय, तर स्केचेस, पूर्ण थ्रीडी मॉडेल, रेंडर आणि ‘चेहऱ्यावर नीट बसणारा’ एक थ्रीडी-प्रिंटेड मॉक-अप (नमुना). ते ‘चेहऱ्यावर नीट बसणारा’ मी आधी वाचलंच नव्हतं.

०१ आणि ०२ (दोन्ही गेल्या कचऱ्यात)

चूक सगळे करतात तीच केली. समोरून काढलेला गॉगलचा फोटो फ्यूजनमध्ये (थ्रीडी मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर) कॅनव्हास म्हणून टाकला, अर्धी बाजू स्प्लाइनने (वळणाऱ्या रेषेने) गिरवली, मिरर केली, ४ मि.मी. एक्स्ट्रूड (म्हणजे जाडी दिली), कडांना फिलेट (गोलाई). समोरून झकास. मॅडमनी मॉडेल बाजूने फिरवलं आणि एवढंच विचारलं, “यात काच कशी बसवणार गं?” मी २ मि.मी.चे सपाट तुकडे बसवले होते. बाजूने बघितलं तर गॉगल कसला, खिडकीची चौकट दिसत होती.

०२ मध्ये मी तीच चौकट बेंड करून वाकवली. फ्रेम वाकली, पण भोकाची कड कुठल्याच एका गोलाकार पृष्ठभागावर येईना. खरी काच गोळ्याचा तुकडा असते, आणि तिची कड त्या गोळ्यावरच असायला हवी. इथे कड कुठे १ मि.मी. पुढे, कुठे मागे. ती फाईल वाचवण्यात चार दिवस घालवले. तुम्ही घालवू नका.

०३: गोळ्यापासून सुरुवात

चष्म्याच्या धंद्यात काचेचा बाक ‘बेस कर्व्ह’च्या आकड्यात सांगतात. त्रिज्या काढायला ५३० ला त्या आकड्याने भागायचं, उत्तर मि.मी.मध्ये येतं. ४ बेस म्हणजे १३२.५, ६ बेस म्हणजे ८८.३, ८ बेस म्हणजे साधारण ६६. नंबरच्या चष्म्यात ४ च्या आसपासचा बाक बराच दिसतो, गॉगलला ६ नेहमीचा आणि चेहऱ्याला लपेटणाऱ्या स्पोर्ट्स गॉगलला ८.

आकड्यावर विश्वास बसेना म्हणून पुठ्ठ्यातून ८८ आणि ६६ त्रिज्येचे दोन आतल्या गोलाईचे साचे कापले आणि घरातल्या जुन्या गॉगलच्या काचेवर टेकवून दिव्यासमोर धरले. ६६ चा साचा दोन टोकांना टेकला आणि मधून उजेडाची बारीक चंद्रकोर दिसली. ८८ चा टेकवला तर उजेड गायब. मग सायकलवर घालायच्या गॉगलवर ८८ चाच साचा धरला, तर तो मध्यावर टेकून दोन्ही कडांना उघडा राहिला. आठवड्याभरात पहिल्यांदा काहीतरी कळल्यासारखं वाटलं.

उत्साहात लगेच पुढचा खड्डा. मी ८८.३ त्रिज्येचा एकच मोठा गोळा चेहऱ्याच्या मध्यरेषेवर ठेवला आणि दोन्ही काचा त्यातूनच कापल्या. सोपं वाटतं, पण काचेचा मध्य मध्यरेषेपासून ३५ मि.मी. लांब असेल, तर तिथे गोळ्याचा उतार २३ अंशांच्या वर जातो. साधा रोजचा गॉगल काढायला निघाले आणि स्कीइंगचा तयार झाला. उपाय म्हणजे प्रत्येक डोळ्याला स्वतंत्र गोळा. मला प्रत्येक काच बाहेरच्या बाजूला ६ अंश वळलेली हवी होती, त्या हिशोबाने गोळ्याचं केंद्र मध्यरेषेपासून २५.८ मि.मी.वर आलं. एका बाजूचं सगळं काम, मग मिरर.

वरून खालचा झुकाव वेगळा. काचेचा खालचा काठ गालाकडे थोडा आत येतो, तो ‘पॅन्टोस्कोपिक टिल्ट’. मी ८ अंश घेतला. (रे-बॅनच्या वेफेअररचा मूळ अवतार बराच जास्त झुकलेला होता, पुढच्या आवृत्तीत तो झुकाव कमी केला. जुन्या फोटोंमध्ये बाजूने बघा, मजा येते.)

माप ५२□१८-१४५. काडीच्या आत छापलेलं असतं ते हेच: काचेची रुंदी, दोन काचांमधलं अंतर, काडीची लांबी. मधला चौकोन उगाच नाही. काचेभोवती घट्ट बसणारा आयत काढायचा आणि त्याची रुंदी मोजायची. इथे माझे आणखी दोन दिवस गेले, कारण मी ५२ चं भोकच काढलं. ते ५२ माप काचेच्या टोकदार कडेपर्यंतचं असतं, म्हणजे फ्रेमच्या खाचेच्या तळापर्यंतचं. माझी खाच ०.८ मि.मी. खोल, म्हणजे दिसणारं भोक ५०.४ हवं होतं. ५२ चं भोक ठेवल्यावर काच झाली ५३.६ आणि मधले १८ गुपचूप १६.४ वर आले. फ्रेम नाकाला का चावतेय ते मी तिसरीकडेच शोधत बसले होते.

खाच म्हणजे काचेच्या कडेवरून फिरवलेला १२० अंशांचा त्रिकोण. हे फिरवणं, म्हणजे स्वीप, बाहेरच्या वरच्या कोपऱ्यात पीळ खाऊन फाटायचा. सॉफ्टवेअरला चार शिव्या घातल्या, पण दोष माझाच होता. कोपरा ३ मि.मी. त्रिज्येचा, तोही दोन वेगळे स्प्लाइन जोडून केलेला. त्रिज्या ६ केली, कोपरा एकाच सलग वक्राने काढला, स्वीप पहिल्या फटक्यात गेला. झेब्रा पट्टे (पृष्ठभाग सलग आहे का ते दाखवणारे काळे-पांढरे पट्टे) लावून बघितलं तर आधीच्या आकारात पट्टे त्या जोडावर तुटत होते. तेव्हापासून फिलेटला हात लावायच्या आधी झेब्रा बघते.

आता खास काचवेड्यांसाठी. गोळ्याचा पृष्ठभाग काढून २ मि.मी. ‘थिकन’ केला की काच झाली असं मी धरलं होतं. बाहेरची त्रिज्या ८८.३, आतली ८६.३, सगळीकडे सारखी जाडी. दिसायला बिननंबरची. पण हिशोब मांडला तर पॉलिकार्बोनेटच्या (वक्रीभवनांक १.५८६) अशा काचेला उणे ०.१ डायऑप्टरच्या जवळपास नंबर येतो! शून्य नंबर हवा असेल तर आतली त्रिज्या ८७.६ च्या जवळ ठेवावी लागते. मग दोन्ही गोळ्यांची केंद्रं एकाच जागी राहत नाहीत आणि काच कडेला अगदी किंचित पातळ होते, आमच्या केसमध्ये ०.०५ मि.मी.च्या आसपास. मॉक-अपमध्ये हे कुणाला दिसणार आहे? कुणालाच नाही. तरी बदललं. प्रोजेक्ट तपासणाऱ्या ज्यूरीने काच नंबरची आहे का विचारलं तर सांगायला काहीतरी असावं.

नाक

हाच खरा प्रोजेक्ट, बाकी सगळं कवच. फ्रेम नाकाच्या दोन उतारांवर टेकते आणि ते उतार दोन दिशांनी तिरके असतात. समोरून बघितलं तर खाली रुंद होत जातात, वरून बघितलं तर मागे रुंद होत जातात. एकच कोन धरला की फ्रेम रेषेवर टेकते, पृष्ठभागावर नाही.

फोटोवरून मोजायचा नाद सोडला. सोल्डरिंगची मऊ तार नाकावर दाबून आकार घेतला आणि कागदावर ठेवून पेन्सिलने गिरवला. डोळ्यांच्या रेषेत एकदा, १० मि.मी. खाली एकदा. दोन्ही वक्र स्कॅन करून मॉडेलमध्ये टाकले आणि मध्ये लॉफ्ट, म्हणजे दोन्हींना जोडणारा पृष्ठभाग.

या नोंदीतून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या: पूर्ण फ्रेम प्रिंट करू नका. फक्त ब्रिज (नाकावरचा जोड) आणि दोन्ही बाजूंची १५-१५ मि.मी. रिम (काचेभोवतीची कड) कापून तेवढाच तुकडा प्रिंट करा. वीस-पंचवीस मिनिटांत हातात येतो. माझे सात झाले, प्रत्येकावर मार्करने आकडा. १ हवेत तरंगतो. २ आणि ३ घसरतात. ४ छान वाटला, पण अर्धा तास लावून बसले तर नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल अर्धचंद्र उमटले, कारण मागची कड धारदार राहिली होती. ५ मध्ये तिथे १.५ मि.मी.ची गोलाई. ६ का प्रिंट केला ते आठवत नाही. ७ लावला आणि तो लावलाय हे विसरून पाणी प्यायला उठले. मेसमध्ये कुणीतरी विचारलं, नाकाला काय झालं.

काड्या

काड्यांबद्दल थोडक्यात. १४५ ही लांबी कानामागच्या वळणासकट, आणि वळण माझ्याकडे बिजागरीपासून ९८ वर येतं. बिजागरी मी डिझाइन केलेली नाही. मोडक्या फ्रेमची काढून व्हर्निअरने मोजली आणि जशीच्या तशी मॉडेल केली. पाच वेढ्यांची, फ्रंटला तीन, काडीला दोन. काड्या उघडल्यावर फ्रंटशी बरोबर ९० अंश धरले होते, तर कानशिलं दाबली जायला लागली. जोडाचा काप बदलून ९५ केले.

जॉइंट लावून काड्या मिटवल्या तर त्या एकमेकींच्या आरपार गेल्या. खऱ्या गॉगलमध्ये एक काडी दुसरीवर आडवी पडते आणि थोडी लवते. माझी काडी लवत नाही, ती गणितातली. ॲनिमेशनमध्ये डावी आधी मिटवली आणि उजवी दोन अंश अलीकडे थांबवली. फसवणूक आहे, माहीत आहे.

आणि हो, माझा डावा कान उजव्यापेक्षा ४ मि.मी. खाली आहे. बावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मिरर केलेली बिनचूक फ्रेम माझ्या तोंडावर तिरकी बसते. मॉडेल तसंच ठेवलं. चष्मेवाले काडी गरम करून वाकवतात ते याचसाठी.

प्रिंट

०४ चा पहिला फ्रंट पालथा, बेडला समांतर प्रिंट केला. बाकावर ०.२ मि.मी.च्या थरांच्या पायऱ्या पडल्या, नकाशातल्या डोंगरासारख्या. दुसरा उभा केला, थर ०.१२. पृष्ठभाग सुंदर, पण आता थरांची दिशा ब्रिजला आडवी छेदणारी. मैत्रिणीने “बघू गं” म्हणून दोन्ही हातांनी ताणून डोळ्यांवर चढवला आणि ब्रिज थरावरच कट्‌कन मोडला. आवाज अजून कानात आहे. तिसरा तिरका, ४० अंशांवर, सपोर्ट भरपूर. तो टिकला.

पीएलए, म्हणजे प्रिंटचं प्लॅस्टिक, ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, त्यामुळे काड्यांची टोकं गरम पाण्यात बुडवून कानाला बेतता आली. एक काडी जास्त वेळ राहिली आणि पिळली गेली. ती परत प्रिंट. मग १२०, २४०, ४०० चा पॉलिश पेपर, प्रायमर, पुन्हा ४००. कंटाळवाणं काम, पण फोन लावून गप्पा मारत होतं.

रेंडर

ब्लेंडर या रेंडरच्या सॉफ्टवेअरमध्ये काच टाकली आणि ती काळी ठिक्कर, मागचा चेहरा दिसेचना. आधी मटेरियल चुकलं असं वाटलं. खरं कारण साधं आहे. मी कॅटेगरी ३ चा टिंट (काचेचा गडदपणा) घेतला होता, म्हणजे ८ ते १८ टक्के उजेड आत येतो, माझ्याकडे १५. समोरून बघणाऱ्याला डोळा दिसायचा तर उजेड काचेतून आत जाऊन पुन्हा काचेतूनच बाहेर यायला हवा. १५ टक्क्यांचे १५ टक्के, जेमतेम सव्वादोन! गडद गॉगलमागे डोळे दिसत नाहीत ते याचमुळे. रेंडरसाठी ३० टक्क्यांचा, म्हणजे कॅटेगरी २ चा टिंट घेतला. आता ९ टक्के परत येतो आणि पापणीची रेघ ओळखू येते.

मॉक-अपमध्ये मात्र नुसता रंगीत प्लॅस्टिकचा पत्रा आहे. तो घालून उन्हात जायचा हट्ट दोघांनी केला, दिला नाही. गडद काचेमागे बाहुली मोठी होते, आणि काच यूव्ही अडवत नसेल तर डोळ्यात जास्तच यूव्ही जातं. ४०० नॅनोमीटरपर्यंत अडवणारी काच मिळेपर्यंत तो गॉगल खोलीतच राहील.

काल रात्री

रंग वाळला, पत्रा गरम करून ६ बेसच्या साच्यावर बसवला, खाचेत टिक्‌ करून गेला. (त्या ‘टिक्‌’साठी तीन आठवडे.) आरशासमोर उभी राहिले. ब्रिज बसला, कानशिलं मोकळी, डावीकडे थोडा तिरका पण माझाच चेहरा तिरका. डोळे मिचकावले.

पापण्या काचेला घासतात. दर वेळी, दोन्ही डोळ्यांना.

सातही ब्रिज मी बिनकाचेचे लावून बघितले होते. बुबुळापासून काचेच्या मागच्या पृष्ठभागापर्यंत १२ मि.मी. ठेवायचे हे वहीत पहिल्याच पानावर लिहिलंय, आणि पट्टी लावून बाजूने मोजलं तर ते साडेनऊ भरले. गोलाई वाढवताना ब्रिज मागे सरकत गेला आणि मी फक्त नाकाला विचारत राहिले. आता नाकाचे टेकू तसेच ठेवून काच आणि रिम अडीच मि.मी. पुढे न्यायची आहे, म्हणजे ब्रिजचा लॉफ्ट पुन्हा.

ज्यूरी गुरुवारी. गॉगल_०५ उघडली आहे.