हनुवटीला लागलेलं टेबल

नोकरीच्या मुलाखतीआधीची चाचणी एका ओळीत मावेल एवढीच होती. व्हीआरमध्ये, म्हणजे हेडसेट चढवल्यावर दिसणाऱ्या आभासी जगात, एक खोली, टेबलावर तीन चेंडू, समोर टोपली. चेंडू उचलून फेकता आला पाहिजे आणि टोपलीत पडला की गुण वाढला पाहिजे. मुदत दोन दिवस. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्सआर इंटरॅक्शन टूलकिट हा तयार संच घेतला की उचलाउचलीचं काम जवळजवळ फुकटात होतं. पहिल्या दिवशी दुपारीच चेंडू माझ्या हातात होता, आणि मी निवांत भिंतींना रंग देत बसलो. (तो रंग पुढे कुणी पाहिलाही नाही.)

घोळ फेकताना सुरू झाला. साधारण तीनातला एक चेंडू टोपलीच्या भिंतीतून आरपार जायचा. कोलायडर (टक्कर ओळखण्यासाठी वस्तूला लावलेला अदृश्य आकार) चुकला असेल म्हणून तो तीनदा नव्याने लावला, फरक शून्य. शेवटी कागद-पेन घेतलं. युनिटीचं फिजिक्स, आपण काही बदललं नाही तर, दर ०.०२ सेकंदाला एकदा हिशेब करतं. चेंडू सेकंदाला ६ मीटर वेगाने गेला, तर दोन हिशेबांच्या मधे तो १२ सेंटिमीटर सरकतो. चेंडूचा व्यास ७ सेंटिमीटर, भिंतीची जाडी १. म्हणजे दोघं एकमेकांना शिवून असतात जेमतेम ८ सेंटिमीटरभर. ढांगच १२ची असेल, तर हे ८ कधीकधी सरळ ओलांडले जाणार, आणि युनिटीच्या लेखी टक्कर झालेलीच नसणार. तीनातला एक! गणित इतकं चोख जुळलं की बग सापडल्याचंही विसरायला झालं. कोलिजन डिटेक्शन, म्हणजे टक्कर ओळखायची पद्धत, ‘डिस्क्रीट’ (फक्त हिशेबाच्या क्षणी बघणारं) होतं, ते ‘कंटिन्युअस’ (मधली वाटही तपासणारं) केलं. हेडसेट सेकंदाला ७२ फ्रेम दाखवत होता, म्हणून फिजिक्सची वेळही १/७२ सेकंदावर आणली. त्यासरशी हातातल्या चेंडूची बारीक थरथरही गेली.

दुसऱ्या दिवशी मी शंभरेक चेंडू फेकले असतील. सगळे उभ्याने.

मुलाखतीत परीक्षकांनी हेडसेट चढवला आणि ते खुर्चीतच बसून राहिले. क्षणभर शांतता.

“टेबल माझ्या हनुवटीला लागतंय हो.”

खरंच होतं. टेबल मी ९५ सेंटिमीटर उंच ठोकून दिलं होतं. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून सव्वा मीटरच्याही खाली येतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

“दुरुस्त कराल का आत्ता? आम्ही थांबतो.”

सुरुवातीला कॅमेऱ्याची, म्हणजे हेडसेट घातलेल्याच्या डोळ्यांची, उंची वाचायची, त्यातून अर्धा मीटर वजा करायचा, तिथे टेबल ठेवायचं. चार ओळी. बिल्ड केलं (बदललेला प्रोग्रॅम चालवण्याजोगा तयार केला), त्यांनी पुन्हा हेडसेट चढवला, आणि या खेपेला टेबल होतंच कुठे? जमिनीत गाडलं गेलं होतं. पहिल्या फ्रेमला ट्रॅकिंग, म्हणजे हेडसेट कुठे आहे ते ओळखणारी यंत्रणा, जागं झालेलं नसतं. कॅमेरा आपली उंची शून्य सांगतो, आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला होता. कान तापले. दुसरे परीक्षक माझ्याच स्क्रीनकडे बघत होते, काही बोलले नाहीत, हे त्यांचे उपकार. उंची शून्याच्या वर जाईपर्यंत थांबायची एक अट घातली आणि तिसऱ्यांदा बिल्ड दिलं.

आता टेबल बरोबर त्यांच्या कोपराशी आलं. त्यांनी तिन्ही चेंडू फेकले. एक टोपलीत, दोन बाहेर. मग “बरं, ठीक आहे” म्हणत हेडसेट काढायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून त्यांनी हातातला कंट्रोलर अगदी सहज माझ्या टेबलावर ठेवला.

तो खाली पडला नाही, मनगटाच्या पट्टीला लोंबकळत राहिला. दुसरे परीक्षक माझ्याकडे बघून पहिल्यांदाच हसले.