फुंक आणि फुंकर

रात्रीचे सव्वाबारा. जुलै महिना, डोंबिवली, खिडक्या बंद आणि पंखापण बंद. टीशर्ट पाठीला चिकटलाय पण पंखा लावायची सोय नाही, का ते पुढे लिहितो.

गेले पाच आठवडे मी ट्रम्पेटवर एकच गोष्ट करतोय, हळू वाजवायला शिकतोय. हळू म्हणजे स्लो नव्हे, आवाजाने हळू, आणि त्यातही तो ब्रेदी टोन, म्हणजे सूर लागायच्या आधी थोडी हवा ऐकू येते, मग त्या हवेतूनच सूर वर येतो आणि संपताना परत हवेत विरून जातो. चेट बेकर, अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवाला, ऐकलाय का? १९५२ मध्ये लॉस एंजेलिसला सॅक्सोफोनवाल्या जेरी मलिगनच्या त्या पियानो नसलेल्या क्वार्टेटमध्ये, म्हणजे चौघांच्या बँडमध्ये, वाजवायला लागला तेव्हा पठ्ठ्या बावीस वर्षांचा होता. ते ऐका आणि मग त्याचं सत्तर-ऐंशीच्या दशकातलं ऐका. मधे १९६६ ला त्याला मारहाण झाली, दात गेले, कवळी बसवून ओठ कसे लावायचे इथपासून परत शिकावं लागलं. नंतरच्या रेकॉर्डिंगमध्ये ती हवा इतकी जवळ येते की हेडफोन लावला तर कुणीतरी कानापाशी उसासा टाकल्यासारखं वाटतं. मला ते पाहिजे. कवळी नकोय, टोन पाहिजे.

अडचण अशी की माझं सगळं शिक्षण याच्या बरोब्बर उलटं झालंय. शाळेत असताना बँडमध्ये ब्युगल वाजवायचो, पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी. पीटीचे सर ग्राउंडच्या पलीकडच्या गेटवर उभे राहायचे आणि तिथून हाताने खुणा करायचे, अजून, अजून. त्यांना ऐकू आलं तर पास. पुढे तिशीत स्वतःच्या पैशाने सेकंडहँड ट्रम्पेट घेतला, व्हिडिओ बघून शिकलो, आणि पहिली दोन-तीन वर्षं कशात गेली तर टोनमधली हवा काढण्यात. तेव्हा माझा सूर म्हणजे गळका नळ होता, निम्मी हवा सुरात आणि निम्मी बाजूने फुस्स. रोज अर्धा तास लाँग टोन, म्हणजे आपल्याकडे गाणारे खर्ज लावून बसतात ना, तसं. हळूहळू ती फुस्स गेली, सूर चकचकीत झाला, मी खूश. आणि आता पंचेचाळिशीला टेकल्यावर तीच हवा परत आणायला बसलोय. बायको म्हणते आधी पैसे भरून वजन कमी करायचं आणि मग पैसे भरून वाढवायचं, तसलं चाललंय तुझं.

शिकवणारे अंकल माहीमला राहतात. मूळ गोव्याचे, आयुष्यभर हॉटेलांत आणि स्टुडिओत वाजवलेलं, आता स्वतः फारसं वाजवत नाहीत पण कान शाबूत आहेत, जरा जास्तच शाबूत आहेत. पहिल्या दिवशी मी माझं बेस्ट म्हणून जे काय वाजवलं ते डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "बारात कहाँ तक पहुँची?" मला वाटलं चेष्टा करतायत, करतच होते, पण मग विचारलं की घरी प्रॅक्टिस कशी करतोस. मी सांगितलं, प्रॅक्टिस म्यूट लावून, म्हणजे ट्रम्पेटच्या तोंडात आवाज दाबणारं बूच घालून, सोसायटी आहे, शेजारी आहेत. म्हणाले तिथेच घोळ आहे. म्यूट हवेला अडवतो, उलटा दाब येतो, मग तू आणखी जोर लावतोस, बाहेर आवाज नाही म्हणून तुला वाटतं की आपण हळू वाजवतोय, प्रत्यक्षात तू रोज तासभर बंद दाराला धक्के मारतोयस. मी चार वर्षं शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून जे वापरलं त्यानेच मी आडदांड झालो, हे ऐकून मला लोकलमध्ये दादरपासून डोंबिवलीपर्यंत हसू येत होतं, रडू पण.

मग म्यूट कपाटात गेला. आता उघड्या ट्रम्पेटवर इतकं हळू वाजवायचं की म्यूटची गरजच पडू नये, हीच शिकवणी आणि हीच शेजाऱ्यांची सोय.

करायचं काय ते लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन. नेहमीचा सूर लागतो तेव्हा ओठांच्या मधली फट सेकंदाला शेकडो वेळा उघडते आणि मिटते, अगदी नीट मिटते, म्हणून आवाज स्वच्छ. ब्रेदी टोनसाठी ओठांचा मधला भाग ढिला सोडायचा, फट किंचित मोठी ठेवायची, म्हणजे ती पुरती मिटत नाही आणि थोडी हवा न थरथरता तशीच पुढे निघून जाते. तीच आपल्याला ऐकू येते. खरं तर थोडी हवा कायमच सळसळत असते पण जोरात वाजवलं की सूर तिला झाकून टाकतो. जोरात वाजवल्यावर ओव्हरटोन, म्हणजे मूळ सुराच्या वर ऐकू येणारे बारीक सूर, पण भराभर वाढतात, तीच ती पितळी धार, आणि हळू वाजवलं की धार जाते, सूर गोल होतो आणि त्याच्या खालची हवा उघडी पडते.

हे वाचायला सोपं आहे. करताना काय होतं, मधला भाग ढिला सोडायला गेलं की ओठांचे कोपरेही ढिले पडतात, कोपरे पडले की गालात हवा भरते, आणि हळू वाजवायचंय म्हणून पोट पण सुटी घेतं. मग सूर खाली घसरतो, ट्यूनर वीस सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) कमी दाखवतो, आणि तिसऱ्या सेकंदाला सूर फुटतो किंवा गायबच होतो. पहिले दोन आठवडे मी हेच केलं. अंकल म्हणाले, हळू वाजवायला हवा कमी लागते असं तुला कुणी सांगितलं? हवा वाहतीच ठेवायची, फक्त ढकलायची नाही. कोपरे घट्ट, मधला भाग मऊ, माउथपीस ओठांवर नुसतं टेकवलेलं, घसा उघडा, जीभ खाली. चष्म्याच्या काचेवर वाफ सोडतो तशी गरम 'हाऽ' हवा, मेणबत्ती विझवतो तशी थंड 'फू' नको. आणि सुरुवात जिभेने करायची नाही. आम्ही सगळे 'तू' म्हणून सूर सुरू करायला शिकलेलो, इथे 'हू'.

व्यायाम एकच दिलाय. स्टाफच्या, म्हणजे पाश्चात्य नोटेशनच्या पाच रेघांतल्या, खालून दुसऱ्या रेघेवरचा जी हा सूर, एकही व्हॉल्व्ह (ट्रम्पेटवरची बटणं) न दाबता. आधी साधारण दीड मीटरच्या त्या नळीतून नुसती हवा सोडायची, आवाज शून्य, फक्त सळसळ. मग हवा जराही न बदलता ओठ अगदी थोडे थोडे जवळ आणायचे, एका क्षणी सूर आपोआप धरतो, तो चार सेकंद ठेवायचा आणि ओठ परत लांब, परत नुसती हवा. सूर 'लावायचा' नाही, तो येऊ द्यायचा. जी जमला की खाली उतरत जायचं, वर चढायला मनाई आहे कारण वर गेलं की माणूस घाबरून ओठ आवळतो. मी घाबरून आवळतोच.

पाच आठवडे, एक सूर. ऑफिसात कुणी विचारलं सध्या काय शिकतोयस तर सांगायची पण लाज वाटते.

तिसऱ्या आठवड्यात एक गोष्ट झाली ती लिहायची राहिलीय. रविवारी गावी गेलो होतो, बाबा अजून चहा बशीतच पितात. समोर बसून बघत होतो. बशी तोंडाजवळ नेतात आणि फुंकर घालतात, चहावर बारीक सुरकुत्या उठतात, एक थेंब सांडत नाही. आणि डोक्यात एकदम लख्ख झालं की अरे आपल्याकडे याला शब्दच वेगळा आहे, चूल पेटवायला फुंक मारतात, पण चहावर आणि खरचटलेल्या गुडघ्यावर फुंकर घालतात. मारणं आणि घालणं. मी इतकी वर्षं ट्रम्पेटला फुंक मारतोय! मग मी पण बशी घेतली आणि अर्धा तास फुंकर घालत बसलो, किती लांबून, किती वेळ, सुरकुत्या सारख्या उठतायत का. जोर कमी पडला की चहा सपाट होतो आणि जास्त झाला की काठावरून शर्टावर. एवढा स्वस्त मीटर मला कुठल्या ॲपमध्ये मिळाला नव्हता. बाबा म्हणाले, "गार झाला असेल, पी आता."

आता रोज ट्रम्पेट उचलायच्या आधी बशीभर पाण्यावर पाच मिनिटं. बायकोने याबद्दल काही न बोलायचं ठरवलेलं दिसतंय.

मधे खरेदीचा झटका पण येऊन गेला. वाटलं माउथपीसच बदलावं, माझं बाख कंपनीचं ७सी मॉडेल आहे, ३सी घेतलं की टोन मोठा आणि मऊ होईल असं सगळे म्हणतात. कॅटलॉगमधले आकडे बघितले तर आतला व्यास एकाचा १६.२० मिलिमीटर आणि दुसऱ्याचा १६.३०. म्हणजे एक दशांश मिलिमीटर. कड वगैरेमध्ये पण फरक असतो, मान्य, ओठांना बारीक फरक पण कळतो, पण माझ्या ओठांना अजून स्वतःचे कोपरे कुठे आहेत ते नीट कळत नाहीयेत. फ्लूगलहॉर्न या ट्रम्पेटच्या भावंडाची किंमत पण बघून ठेवली, त्याची नळी शंकूसारखी रुंदावत जाते आणि माउथपीस खोल, त्यामुळे टोन मुळातच मऊ, जॅझ ट्रम्पेटवाला आर्ट फार्मर तर ट्रम्पेट सोडून त्याच्यावरच गेला. अंकलना विचारलं तर नुसते हसले. टॅब बंद केला.

अंकल एकदा जुन्या मुंबईवर घसरले तेव्हा मजा आली. त्यांच्या आधीच्या पिढीत इथला ट्रम्पेटचा हिरो म्हणजे चिक चॉकलेट, खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या हळदोण्याचा माणूस, त्याला मुंबईचा लुई आर्मस्ट्राँगच म्हणायचे, आर्मस्ट्राँग म्हणजे अमेरिकन जॅझ ट्रम्पेटचा बादशहा. १९५१ च्या 'अलबेला'त सी. रामचंद्रांच्या गाण्यात तो बँडसकट पडद्यावर दिसतो. मी हे सगळं ऐकून परत एकदा आर्मस्ट्राँग लावला आणि वाटलं की त्या काळी अख्खा डान्स हॉल भरायचा होता, मागे ड्रम, बाजूला सॅक्स, फुंकर घालून कसं चालेल. हलका सूर मोठा झाला तो माइकमुळे. जॅझ ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस पन्नासच्या दशकात हार्मन नावाच्या म्यूटची मधली दांडी काढून टाकायचा आणि ट्रम्पेट माइकच्या अगदी जवळ न्यायचा, तो पातळ कुजबुजणारा आवाज माइकशिवाय तिसऱ्या रांगेत पण पोचला नसता. म्हणजे माझे पीटीचे सर चुकीचे नव्हते, त्यांच्याकडे माइक नव्हता एवढंच. (होता खरं तर, पण तो प्रमुख पाहुण्यांसाठी.)

अजून एक, नॉर्वेचा आर्वे हेनरिक्सन ऐकून बघा. जपानी शाकुहाची बासरीच्या नादाने याने ट्रम्पेटचा आवाज इतका बदललाय की मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ट्रम्पेट कधी सुरू होणार म्हणून वाट बघत होतो. आणि मग वाटलं की बासरीतली फुंक ऐकू आली तर आपल्याला कधी खटकत नाही, उलट जीव त्यातच असतो, पंडितजींच्या बासरीत सुराआधीचा श्वास ऐकायला आपण पुढे सरकून बसतो. ट्रम्पेटकडूनच तेवढी वरातीची अपेक्षा.

हां, पंख्याचं राहिलं. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा वाटलं की जमलं. फोनवर रेकॉर्ड केलं, हेडफोनने ऐकलं, आहाहा, सुराखाली कशी मखमली हवा, सुरू व्हायच्या आधी हवा, संपल्यावर पण हवा. तीनदा ऐकलं, डोळे भरून वगैरे आले, रात्री अकरा वाजता अंकलना पाठवलं. सकाळी उत्तर, "नाइस. कौनसा फॅन है?"

परत ऐकलं. सूर संपल्यावर हवा तब्बल बावीस सेकंद चालू होती, मी ट्रम्पेट खाली ठेवल्याचा टकटक आवाज येऊन गेल्यावरसुद्धा. एवढा दमसास माझा असता तर मी डोंबिवलीत कशाला राहिलो असतो.

तेव्हापासून पंखा बंद. आणि पंखा बंद केल्यावर जे ऐकू आलं ते फार उघडं होतं, सूर एकतर पूर्ण कोरडा नाहीतर नुसती फुस्स, दोन्हींच्या मधली जागा नव्हतीच. चार रात्री तसंच. पाऊस जोरात असला की समोरच्या पत्र्यांवर एवढा दणका असतो की स्वतःचंच ऐकू येत नाही, मग पाऊस थांबायची वाट बघत बसायचं आणि तोवर ओठ गार. आज साडेअकराला थांबला. लिफ्टचा आवाज पण बंद झाल्यावर बसलो. सोळा वेळा केलं, मोजलं मुद्दाम. पंधरा वेळा काहीच नाही, दोनदा तर जीच्या ऐवजी खालचा सी लागला. सोळाव्याला मी जरा दमलेलो होतो, जोर लावायची इच्छाच नव्हती, कोपरे कसे कोण जाणे जागेवर राहिले, आणि त्या सळसळीच्या आत जी आला. आत म्हणजे खरंच आत, सळसळ थांबली नाही, तो तिच्यावर बसला. सुमारे दोन सेकंद. मग मी दचकलो आणि गेला.

रेकॉर्डिंग ऐकलं आत्ता. आधी डास, मग माझा श्वास घेतल्याचा आवाज, मग हवा, मग ते दोन सेकंद, मग मी "च्यायला" म्हणालेलं स्पष्ट ऐकू येतंय. तेवढं कापून सकाळी अंकलना पाठवतो.

आधी पंखा लावतो.