‘आवडेल ते बनवा’ म्हणू नका

मातीचा गोळा हातात देऊन ‘आवडेल ते बनवा’ म्हटलं की वर्गात काय तयार होतं, हे कुठल्याही कलाशिक्षकाला विचारा. बदाम, साप, फूल आणि स्वतःचं नाव. मुलांना सुचत नाही असं मुळीच नाही. प्रश्नच इतका ऐसपैस असतो की हाताच्या सवयीचं तेवढंच बाहेर येतं.

म्हणून मी नेमकं विचारते: घरातली अशी कुठली वस्तू आहे, जिच्याकडे तुझ्याशिवाय कुणाचं लक्ष जात नाही? आधी कागदावर चित्र काढू देत नाही, नाहीतर मातीतही चपटं चित्रच उतरतं.

सहावीतल्या एकीने आजोबांचं श्रवणयंत्र करायला घेतलं. चांगलं मुठीएवढं. का, तर आजोबा ते काढून ठेवतात तेव्हा ही त्यांना गुपितं सांगते. सांगूनही होतं आणि फुटतही नाही!

तंत्र शिकवायची वेळ ही. तिचा गोळा भरीव होता. माती आतून ओली राहिली तर भट्टीत पाण्याची वाफ होते आणि वस्तू फुटते, शेजारच्यांच्याही वस्तूंची वाट लावते. (सगळे हवेच्या बुडबुड्याला दोष देतात, खरा गुन्हेगार ओलावा.) मग तिने तारेने गोळा मधोमध कापला, चमच्याने कोरून भिंत बोटाएवढी जाड ठेवली, दोन्ही कडांवर काट्याने ओरखडे काढले, पातळ चिखल लावला. जोडण्याआधी आतल्या बाजूला सुईने काहीतरी लिहिलं. मी वाचलं नाही. हवा जायला एक भोक हवं, म्हटल्यावर तिने ते कानात जाणाऱ्या टोकालाच पाडलं.

मुलांच्या कामाला मी बोट लावत नाही. दाखवायचं ते माझ्या गोळ्यावर.

पुढचं काम चिकाटीचं. प्लास्टिकखाली सावकाश सुकवायचं, कारण पातळ भाग आधी सुकले की जोडापाशी तडा जातो. सुकताना आणि भाजताना माती आक्रसते, साधारण दहाव्या हिश्शाने; हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर रडारड. पहिली भाजणी साधारण १००० अंश सेल्सिअसला. भट्टी नसेल तर नुसती सुकवलेली वस्तूही चालते, फक्त पाण्यात पडली तर तिचा पुन्हा चिखल होतो.

प्रदर्शनात प्रत्येक वस्तूखाली तिची गोष्ट लिहावी, असा यंदा आग्रह आहे. मी नुसते क्रमांक लावणार आहे. ज्याला सांगायचं असेल तो सांगेल.