दुपारी चारचा फोन

एप्रिल २०२१. बाबा आयसीयूत आणि आम्ही बडोद्यात, दांडिया बाजारातल्या घरात. अंतर जेमतेम २० मिनिटांचं, पण कोविडमुळे आत कुणालाच सोडत नव्हते. रोज चारच्या सुमारास व्हिडिओ कॉल यायचा. आई साडेतीनलाच धुतलेली साडी नेसून, कुंकू लावून फोनसमोर बसायची.

बाबा व्हेंटिलेटरवर होते. श्वासाची नळी स्वरतंतूंच्या मधून जाते, म्हणून माणूस जागा असला तरी बोलू शकत नाही, हे मला तेव्हा कळलं. आईला ते पटत नव्हतं. "अहो, नुसतं हूं तरी म्हणा." किटमधून फक्त डोळे दिसणारी नर्स गुजरातीत म्हणायची, "बा, तमे बोलो, ए सांभळे छे." तुम्ही बोला, त्यांना ऐकू येतं.

मग आई बोलायची. मोगऱ्याला कळ्या आल्यात, शेजारच्या काकूंनी पिठलं पाठवलंय, सूरसागर तलावापाशी चिटपाखरू नाही. कॅमेरा हलला की मागचा मॉनिटर दिसायचा, आणि मी बाबांचा चेहरा सोडून ऑक्सिजनचा आकडा वाचायचे. ८८. ९१. याचं मला आजही फार वाईट वाटतं. त्या दोन मिनिटांत मी त्यांच्याकडेच पाहायला हवं होतं.

एकदा सात वाजले तरी फोन नाही. आई जागची उठली नाही, पाणीही प्यायली नाही. पावणेआठला फोन आला. नर्सने आधी माफी मागितली, बिचारी दमलेली होती. मग बाबांचा हात उचलून तिने कॅमेऱ्यापुढे धरला.

"अंगठी कुठेय?" आई दचकून म्हणाली.

अंगठी आमच्याकडेच होती. भरती करतानाच काढून दिलेली, आईच्या कपाटात, रुमालात बांधलेली.